‘अभूतपूर्व’ ही सबब आहे : शिरोली, पंचगंगा आणि विस्मरणाची किंमत

१/ कोल्हापूरच्या महापुराविषयी बोलताना एक शब्द हमखास वापरला जातो : ‘अभूतपूर्व’. २००५ चा पूर अभूतपूर्व होता. २०१९ चा अभूतपूर्व होता. २०२१ चाही अभूतपूर्वच होता. सोळा वर्षांत तीनदा घडलेली गोष्ट अभूतपूर्व कशी, हा साधा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाने विचारलाच पाहिजे. प्रस्तुत धागा त्या शब्दाविरुद्ध आहे.

२/ ‘अभूतपूर्व’ हे वरवर वर्णन वाटते. प्रत्यक्षात तो जबाबदारीतून सुटण्याचा मार्ग आहे. जे पूर्वी कधी घडलेच नाही, त्याची तयारी का केली नाही असे कोणाला विचारता येत नाही. एकदा हा शब्द उच्चारला की शासन, नियोजनकार, बांधकाम व्यावसायिक, कारखानदार आणि नागरिक असे सारेच एका दमात निर्दोष ठरतात. उरतो तो फक्त पाऊस, आणि पावसावर खटला भरता येत नाही.

३/ या सबबीची परीक्षा घेण्यासाठी एकच ठिकाण पुरेसे आहे : हातकणंगले तालुक्यातील शिरोली. पंचगंगेच्या उत्तर तीरावरचे, पुणे–बंगळूर महामार्गावरचे हे गाव. सरकारदरबारी आणि बोलण्यातही त्याचे नाव ‘पुलाची शिरोली’. महाराष्ट्रात शिरोली नावाची गावे अनेक. ही शिरोली ओळखली गेली ती पुलामुळे. नदी ओलांडणे हीच ज्या गावाची ओळख, त्या गावाजवळ नदी रस्त्यावर आली याचे आश्चर्य वाटावे, हेच आश्चर्य आहे.

४/ आधी आकडे. पंचगंगेची पातळी कसबा बावड्याजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर मोजली जाते. ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट ही धोका पातळी. २००५ मध्ये पाणी ५० फुटांच्या आसपास गेले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते ५५ फुटांच्या वर गेले. २०२१ च्या जुलैमध्ये ५६ फुटांच्याही वर. म्हणजे २०१९ च्या ‘न भूतो न भविष्यति’ पुराचे भविष्य अवघ्या दोन वर्षांत खोटे ठरले.

५/ २०१९ मध्ये शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आले आणि पुणे–बंगळूर वाहतूक जवळपास आठवडाभर ठप्प झाली. शेकडो ट्रक जागच्या जागी उभे राहिले. कोल्हापुरात इंधन, दूध आणि गॅस यांची टंचाई झाली. पेट्रोल अत्यावश्यक सेवांसाठी राखून ठेवावे लागले. पाणी उपसा केंद्रे बुडाल्याने चहूकडे पाणी असलेल्या शहरात नळ कोरडे पडले. २०२१ मध्ये हाच महामार्ग, जवळपास त्याच ठिकाणी, पुन्हा काही दिवस बंद झाला.

६/ येथे शिरोली एमआयडीसीचा प्रश्न येतो. या औद्योगिक वसाहतीकडे पाहिले तर एक गोष्ट चटकन लक्षात येते : वसाहत बंद पडण्यासाठी तिच्या प्रत्येक शेडमध्ये पाणी शिरण्याची गरज नसते. रस्ता बुडाला की कामगार पोहोचत नाही. उपकेंद्र पाण्यात गेले की वीज जाते. ट्रक अडकले की कच्चा माल येत नाही आणि तयार माल जात नाही. कोरड्या जमिनीवर उभा असलेला कारखानाही पूरग्रस्त असू शकतो.

७/ कोल्हापूरची औद्योगिक ओळख फौंड्रीची आहे. शिवाजी उद्यमनगरातील छोट्या कारखान्यांपासून सुरू झालेली ही परंपरा पुढे शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या वसाहतींत विस्तारली. वाहनांचे, पंपांचे, यंत्रांचे ओतीव भाग येथून देशभर जातात. फौंड्रीची प्रकृती मात्र विलक्षण नाजूक आहे. भट्टीत वितळलेले लोखंड असताना वीज गेली आणि ते वेळेत ओतून काढले नाही, तर धातू भट्टीतच गोठतो. वितळलेल्या धातूशी पाण्याचा संपर्क आला तर स्फोट होतो.

८/ म्हणून फौंड्रीसाठी ‘पूर येणार आहे’ हे वाक्य निरुपयोगी आहे. तिला हवे असते : वीज साधारण कधी तोडली जाईल, रस्ता कधी बंद होईल, रात्रपाळीचा कामगार घरी कसा परतेल. ही माहिती काही तास आधी मिळाली तर भट्टी रिकामी करता येते, माल वर उचलता येतो, पाळी रद्द करता येते. न मिळाल्यास तेच तास नुकसानीत, आणि क्वचित जीवितहानीत, मोजावे लागतात.

९/ आता खरा वादाचा मुद्दा. पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्याचा आकडा कोल्हापूर जिल्ह्यात तोंडपाठ असतो. तो वर्तमानपत्रात येतो, व्हॉट्सॲपवर फिरतो, चहाच्या टपरीवर त्यावर पैजा लागतात. ‘आज एकेचाळीस झाले’ असे कोणीही सांगतो. परंतु एकेचाळीस म्हणजे आपल्या गल्लीत काय, आपल्या कारखान्याच्या फाटकात काय, हे किती जणांना सांगता येते? आकडा सर्वांपर्यंत पोहोचतो. त्याचा अर्थ पोहोचत नाही.

१०/ अपवाद आहेत आणि तेच शिकवणारे आहेत. कोल्हापुरातील सुतारवाड्याला नदीची भाषा कळते. पाणी चढू लागले की तेथील कुटुंबे दरवर्षी पहिल्यांदा हलतात. कोणत्या पातळीला कोणत्या घरात पाणी येते हे तेथे पिढ्यांचे ज्ञान आहे. म्हणजे आकड्याचे ठिकाणात रूपांतर करणे अशक्य नाही. जेथे माणसे दीर्घकाळ एका जागी राहिली, तेथे ते आपोआप झाले.

११/ औद्योगिक वसाहतीत मात्र ते आपोआप होत नाही. तेथे रात्री राहणारा माणूस बहुधा तेथला नसतो. कोल्हापूरच्या फौंड्र्यांत बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा येथून आलेले कामगार मोठ्या संख्येने आहेत. त्यांच्या आजोबांनी पंचगंगा पाहिलेली नाही. त्यांच्याकडे जुन्या पुराची खूण नाही, गल्लीतील म्हातारा नाही, आणि इशारा बहुधा त्यांच्या भाषेत नसतो. सामूहिक स्मृतीवर विसंबून राहणारी व्यवस्था या माणसाला जमेतच धरत नाही.

१२/ ‘मग संशोधन करायला हवे’ असे कोणी म्हणेल. संशोधन आहे! २००५ च्या पुरानंतर नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिने अहवाल दिला. २०१९ च्या पुरानंतर पुन्हा वडनेरे यांच्याच अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिने २०२० मध्ये अहवाल दिला. एकाच नदीखोऱ्यासाठी, एकाच अध्यक्षाला, दुसऱ्यांदा अभ्यास करावा लागतो, तेव्हा त्रुटी अभ्यासात शोधायची की अभ्यासानंतरच्या मौनात?

१३/ शिवाजी विद्यापीठ १९६२ पासून याच शहरात आहे. भूगोल आणि पर्यावरणशास्त्र यांचा अभ्यास तेथे होतो. प्रश्न असा की प्रबंधातील नकाशा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर कधी येतो? संशोधनाचे मूल्य पदवी मिळाल्यावर संपते, अशी आपली मूक समजूत आहे. ज्या गावाच्या पाण्यावर संशोधन झाले, त्या गावाला त्याची एक प्रत मराठीत मिळावी, एवढाही दंडक नाही.

१४/ या मौनाच्या पोकळीत अफवा आणि सोयीस्कर स्पष्टीकरणे वाढतात. सर्वांत लोकप्रिय स्पष्टीकरण अलमट्टीचे. कर्नाटकातील या धरणाची उंची ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटर करण्याचा वाद खरा आहे, गंभीर आहे आणि लवादापुढे लढला गेलेला आहे. पण २०१९ च्या पुराबाबत वडनेरे समितीने अलमट्टीच्या फुगवट्याला जबाबदार धरले नाही. अतिवृष्टीबरोबरच नदीपात्रातील अडथळे आणि पूरक्षेत्रातील बांधकामे यांकडे तिने बोट दाखवले.

१५/ समितीशी मतभेद असू शकतात; अहवालाला आव्हान देणे हा अभ्यासाचाच भाग आहे. परंतु अहवाल न वाचता अलमट्टीचा जप करणे हा अभ्यास नव्हे. दूरच्या धरणाला दोष दिला की जवळच्या भरावाकडे पाहावे लागत नाही. शिरोलीजवळ महामार्गाला भरावाऐवजी खांबांवरचा पूल हवा, ही मागणी स्थानिकांनी वारंवार केली आहे. तिच्याविषयी जेवढी चर्चा व्हायला हवी, तेवढी अलमट्टीने गिळून टाकली.

१६/ संवादाच्या अपयशाचा आणखी एक नमुना म्हणजे पूररेषा. निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची. लाल रेषा म्हणजे १०० वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकाम निषिद्ध, दोन रेषांमध्ये नियंत्रित. हे शास्त्र चुकीचे नाही. पण ‘शंभर वर्षांतून एकदा’ या शब्दप्रयोगाने जितकी दिशाभूल केली, तितकी कदाचित एखाद्या अफवेनेही केली नसेल.

१७/ सामान्य माणूस त्याचा अर्थ असा घेतो : २०१९ ला आला, आता २११९ पर्यंत निश्चिंती. खरा अर्थ असा : दर वर्षी तो येण्याची शक्यता शंभरात एक, मग गेल्या वर्षी तो येऊन गेलेला असो वा नसो. घरासाठी ३० वर्षांचे कर्ज घेतले, तर त्या मुदतीत लाल रेषेचा पूर एकदा तरी येण्याची शक्यता सुमारे २६ टक्के. निळ्या रेषेच्या पुराची सुमारे ७० टक्के. नदी वारे गणित करणारी नसते. पण बँक, बिल्डर आणि महापालिका तरी असाव्यात.

१८/ आता सर्वांत जुना आक्षेप : ‘लोक ऐकतच नाहीत.’ २०१९ मध्ये अनेक गावांत लोक घरे सोडायला तयार नव्हते, हे खरे आहे. पण का? कारण त्यांच्याजवळ एक पुरावा होता. २००५ चे पाणी कोठवर आले होते, ती भिंतीवरची खूण त्यांना ठाऊक होती. ‘तेव्हा उंबऱ्याला लागले नाही, आताही लागणार नाही,’ हा तर्क मूर्खपणाचा नव्हता. तो उपलब्ध माहितीवर आधारलेला, सुसंगत तर्क होता. फक्त माहिती अपुरी होती.

१९/ येथे स्मृतीचा गौरव करणाऱ्यांनी थांबून विचार करावा. एकट्या स्मृतीनेही घात होतो. एका पुराची खूण ही त्या पुराची खूण असते, नदीची मर्यादा नसते. ती मर्यादा समजली गेली आणि माणसे अडकली. पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे ८ ऑगस्ट २०१९ रोजी पूरग्रस्तांना नेणारी बोट उलटली आणि माणसे दगावली. संशोधनाविना स्मृती जितकी धोक्याची, तितकेच संवादाविना संशोधन.

२०/ २०२१ मध्ये चित्र काही प्रमाणात बदलले. २०१९ चा अनुभव ताजा होता. अनेक गावांनी जनावरांसह वेळेत स्थलांतर केले. म्हणजे ‘लोक ऐकत नाहीत’ हा आरोप दोन वर्षांत लोकांनीच खोडून काढला. माणसे सूचना ऐकत नाहीत असे नाही. ज्या सूचनेचा आपल्या उंबऱ्याशी संबंध कळतो, ती ऐकतात. आता प्रश्न एवढाच की हे शहाणपण २०४१ मध्येही शिल्लक असेल काय?

२१/ शहाणपण टिकवायचे कसे, याचे उत्तर त्याच नदीच्या काठी आहे. पंचगंगा कृष्णेला मिळते त्या नृसिंहवाडीत पाणी चढू लागले की दक्षिणद्वार सोहळा होतो. पाणी दत्तपादुकांवरून दक्षिण दाराने बाहेर पडते आणि भाविक स्नानाला गर्दी करतात. पाणी आणखी वाढले की उत्सवमूर्ती नारायणस्वामींच्या मंदिरात हलवली जाते. पुढे काय करायचे याचाही क्रम ठरलेला आहे.

२२/ भक्तिभावाने पाहावे, तसे अभ्यासकाच्या नजरेनेही पाहावे. येथे पातळी मोजण्याची खूण आहे, ठरावीक पातळीला ठरावीक कृती आहे, कृतीची जबाबदारी ठरलेली आहे आणि दरवर्षी सराव होतो. आधुनिक आपत्ती व्यवस्थापन ज्याला कार्यपद्धती म्हणते, ती हीच. मंदिर बुडते आणि कोणी ‘अभूतपूर्व’ म्हणत नाही. देव वेळेत हलतो. महामार्गावरचा ट्रक मात्र दर वेळी अडकतो.

२३/ महाराष्ट्राच्या इतिहासात माहिती लोकांपर्यंत नेण्याची परंपरा आहे, हे तरुण वाचकांनी विसरू नये. १८७६-७७ च्या दुष्काळात पुणे सार्वजनिक सभेने जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती गोळा केली आणि सरकारपुढे मांडली. पिके, भाव, मजुरी, स्थलांतर यांचा तो तपशील होता. सरकारी कागदांच्या तोडीस तोड असा लोकांच्या बाजूचा दस्तऐवज उभा करण्याचा तो प्रयत्न होता. आजच्या भाषेत ते क्षेत्रीय संशोधन होते.

२४/ १८९६-९७ च्या दुष्काळात पुढचे पाऊल पडले. तोवर सरकारने दुष्काळ संहिता तयार केली होती. पीक बुडाल्यास सारा माफ वा तहकूब होऊ शकतो, कामे सुरू करता येतात, अशा तरतुदी होत्या. पण त्या शेतकऱ्याला ठाऊक नव्हत्या. टिळकांच्या नेतृत्वाखालील सार्वजनिक सभेने आणि ‘केसरी’ने त्या मराठीत समजावून सांगितल्या, कार्यकर्ते गावोगाव गेले. नवा कायदा मागितला नव्हता, असलेला कायदा फक्त लोकांच्या भाषेत आणला होता.

२५/ आणि सरकारने काय केले? कार्यकर्त्यांवर खटले भरले. १८९७ मध्ये सार्वजनिक सभेची मान्यताच काढून घेतली. सत्तेला अज्ञानी प्रजेची जितकी भीती वाटत नाही, तितकी संहिता वाचलेल्या प्रजेची वाटते. दुष्काळात धान्याइतकीच माहितीही वाटायची असते, हे टिळकांना कळले होते. पुराबाबत ते आपल्याला अजून कळायचे आहे.

२६/ स्वातंत्र्यानंतर सरकार बदलले; सवय बदलली का? १२ जुलै १९६१. पानशेत धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचेही फुटले आणि पुणे बुडाले. धरण संकटात असल्याचे आदल्या रात्री तेथे काम करणाऱ्यांना ठाऊक होते. जवान वाळूची पोती रचत होते. जे धरणावर ठाऊक होते ते शहराला वेळेत आणि स्पष्टपणे कळले नाही. धरण आणि शहर यांच्यात अंतर थोडे होते. माहितीचे अंतर मोठे ठरले.

२७/ ‘घबराट पसरेल’ हे त्या मौनाचे नेहमीचे समर्थन. हा युक्तिवाद आजही जिवंत आहे आणि तो मुळातूनच नाकारला पाहिजे. घबराट माहितीने पसरत नाही, अर्धवट माहितीने पसरते. अधिकृत आवाज गप्प बसला की अफवेला अधिकार प्राप्त होतो. ‘धरण फुटले’ अशा खोट्या संदेशांवर २०१९ च्या पुरातही लोक का विश्वास ठेवतील? कारण खरे सांगणारा आवाज त्यांच्या मोबाइलवर त्याआधी पोहोचलेला नसतो.

२८/ ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, किल्लारी. हजारो माणसे स्वतःच्याच घरांच्या दगडमातीखाली गेली. त्या परिसराला १९९२ पासून धक्के जाणवत होते. लोक धास्तावले होते. धरणीने सूचना दिली होती असे म्हणणे शास्त्रीयदृष्ट्या अतिशयोक्त ठरेल, कारण भूकंपाचे भाकीत करता येत नाही. पण जाड दगडी भिंती आणि मातीचे जड माळवद धोकादायक आहे, हे सांगण्यासाठी भाकीत लागत नव्हते.

२९/ मात्र किल्लारीनंतर जे घडले, ते या धाग्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे. लातूर-धाराशिवच्या गावांत घरे दुरुस्त आणि मजबूत करण्याच्या कार्यक्रमात स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेच्या पुढाकाराने गावातील महिला ‘संवाद सहायक’ झाल्या. अभियंत्याचे म्हणणे घराघरात आणि घराघरातील शंका अभियंत्यापर्यंत, असे दुहेरी काम त्यांनी केले. ज्या बायकांना कालवर चावडीवर बसायला जागा नव्हती, त्या बांधकामाचे तंत्र समजावू लागल्या.

३०/ ‘संवाद सहायक’ या पदनामात सारे आले. भाषण देणारा नाही, पत्रक वाटणारा नाही, तर संवादाला मदत करणारा. संवाद दोन्ही बाजूंनी चालतो. शास्त्रज्ञाने गावाला शिकवायचे तितकेच गावाकडून शिकायचेही असते : पाणी आधी कोणत्या ओढ्याने उलटे चढते, कोणती मोरी तुंबते, कोणता बांध फोडला जातो. उपग्रहाच्या चित्रात हे दिसेलच असे नाही.

३१/ बाहेरच्या जगाकडेही पाहू. ओडिशात १९९९ च्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसे मेली. २०१३ च्या फायलिन वादळात मृतांची संख्या पन्नासच्या आत राहिली. बांगलादेशात १९७० च्या वादळात लाखो मेले. २००७ च्या सिद्र वादळात काही हजार. वादळे सौम्य झाली नव्हती. निवारे बांधले गेले, अंदाज सुधारले आणि गावोगावचे स्वयंसेवक भोंगे घेऊन दारोदारी फिरले. गरीब राज्य आणि गरीब देश यांनी हे केले. ‘आपल्याकडे पैसा नाही’ ही सबब म्हणूनच टिकत नाही.

३२/ पूर आणि वादळ सोडले तरी औद्योगिक वसाहतीला हा धडा लागू होतो. १९८४ च्या भोपाळ दुर्घटनेत कारखान्याशेजारच्या वस्तीला आत काय साठवले आहे आणि ते बाहेर आले तर काय करावे, हे ठाऊक नव्हते. त्यानंतर १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात दुरुस्ती झाली. धोकादायक प्रक्रियांची माहिती कामगारांना आणि परिसरातील लोकांना देणे बंधनकारक झाले. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानेही जिल्हा आराखडा आणि लोकांपर्यंत इशारा पोहोचवण्याची यंत्रणा जिल्ह्यावर सोपवली. कायदा आहे. टिळकांच्या काळाप्रमाणे आताही प्रश्न तो लोकांना ठाऊक असण्याचा आहे.

३३/ मग शिरोलीत नेमके काय व्हावे? पहिले, पुराच्या खुणा. २००५, २०१९ आणि २०२१ चे पाणी कोठवर आले, ते महामार्गालगत, गावात आणि वसाहतीच्या रस्त्यांवर दगडात कोरावे. सोबत त्या वेळची राजाराम बंधाऱ्याची पातळी लिहावी, आणि ‘पुढचा पूर याहून मोठा असू शकतो’ हेही लिहावे. जपानमधील आनेयोशी गावात जुन्या त्सुनामीनंतर ‘याखाली घरे बांधू नका’ अशा आशयाची शिळा पूर्वजांनी उभारली. २०११ ची लाट त्या शिळेच्या खालीच थांबली. वरची घरे वाचली.

३४/ दुसरे, अर्थाचा तक्ता. अमुक फूट म्हणजे महामार्गाची कोणती बाजू बंद, कोणते उपकेंद्र धोक्यात, कोणता पर्यायी रस्ता चालू. राधानगरीच्या सात स्वयंचलित दरवाजांपैकी एक उघडला की १,४२८ क्युसेक पाणी सुटते, ही बातमी सर्व छापतात. ते पाणी शिरोलीपर्यंत यायला साधारण किती वेळ लागतो, हेही त्याच ओळीत छापावे. तक्ता मराठीत, हिंदीत आणि ओडियातही असावा. प्रत्येक फौंड्रीच्या फाटकावर सुरक्षा फलकाशेजारी तो लागावा.

३५/ तिसरे, भोंगा. पाळी बदलण्यासाठी माणसांना हाकारणारा कारखान्याचा भोंगा पुराच्या इशाऱ्यासाठी का वापरू नये? एक ठरलेला सूर, एक ठरलेली कृती, आणि मृग निघण्याआधी वर्षातून एकदा सराव. चौथे, ग्रामसभेत अहवालाचे वाचन. शिरोली मॅन्युफॅक्चरर्स असोसिएशन म्हणजे ‘स्मॅक’, ग्रामपंचायत, कामगार आणि विद्यापीठ यांनी एका टेबलाभोवती बसून करण्याजोगी ही कामे आहेत. यांतील एकाही कामाला महाकाय प्रकल्पाची वाट पाहावी लागत नाही.

३६/ इतिहासाच्या विद्यार्थ्यांसाठी येथे खास काम आहे. गडकोटांच्या मोजणीइतक्याच निष्ठेने आपल्या गावातील पुराच्या खुणांची मोजणी व्हावी. वयोवृद्धांच्या आठवणी तारखेसह नोंदवाव्यात, त्या वर्तमानपत्रांच्या जुन्या अंकांशी आणि पाटबंधारे खात्याच्या नोंदींशी ताडून पाहाव्यात. आठवणीतला पूर आणि नोंदीतला पूर यांत फरक पडला, तर तो फरकही लिहावा. लढाईचा दिनांक चुकला तर वाद होतो. पुराची पातळी चुकली तर माणसे मरतात.

३७/ ‘हा इतिहास नव्हे, हे तर प्रशासनाचे काम’ असे म्हणणाऱ्यांना एवढेच उत्तर पुरे : १८७६ मध्ये सार्वजनिक सभेने गोळा केलेली माहितीही त्या काळी सरकारला अनाठायी वाटली होती; आज तीच त्या दुष्काळाचे साधन म्हणून वाचली जाते. २०१९ आणि २०२१ ची साधने आज गोळा केली नाहीत तर पुढचा अभ्यासक आणि पुढचा रहिवासी दोघेही अंधारात राहतील. त्यांतला एक प्रबंध लिहू शकणार नाही. दुसरा घर सोडू शकणार नाही.

३८/ पंचगंगेला पुन्हा पूर येईल. तो ५० फुटांवर थांबेल की ५८ वर, हे आज कोणी सांगू शकत नाही. पण तो येईल हे सर्वांना ठाऊक आहे, आणि ठाऊक असलेल्या गोष्टीला अभूतपूर्व म्हणता येत नाही. यापुढे एखाद्या मंत्र्याने, अधिकाऱ्याने किंवा वार्ताहराने तो शब्द वापरला, तर शिरोलीच्या तरुणांनी त्याला तीन साले सांगावीत : २००५, २०१९, २०२१. आणि मग विचारावे की मधल्या वर्षांत कोणी, कोणाला, काय सांगितले होते.

(धागा समाप्त. आपल्या गावातील पुराची खूण ठाऊक असल्यास वर्ष, ठिकाण आणि जमिनीपासूनची उंची यांसह खाली नोंदवावी.)